फाईल कुठे आहे? : लहानपणी कॅन्सर झाला, बरा झाला, त्यानंतरची गोष्ट

(सारंगखेड्याला यात्रेच्या आधी झालेल्या एका छोट्या बैठकीतलं हे बोलणं. ऑडिओ ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी शब्दांकन. बोलताना जे दोनदा-तीनदा आलं ते कमी केलंय, बाकी जसंच्या तसं आहे. शेवटची प्रश्नोत्तरं रेकॉर्डिंगमध्ये नीट ऐकू येत नाहीत, ती इथे वाचा.)

मागे ऐकू येतंय का? बरं.

आठ दिवसांवर दत्तजयंती आलीये. तापीच्या काठाला तंबू पडायला लागले, घोड्यांच्या गाड्या यायला लागल्या. लहानपणी मी आजोबांबरोबर घोडेबाजारात फिरायचे. घेणारा माणूस काय करतो, तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. आधी तोंड उघडून दात बघतो. मग अंगावरचे भोवरे बघतो. एकेक पाय उचलून खूर बघतो. चालवतो, पळवतो. आणि मग विचारतो, कुठून आणला, आधी कोणाकडे होता, कधी आजारी होता का? अर्धा दिवस जातो त्यात, तरी कोणी कंटाळत नाही.

माझ्या आजारपणाची एक फाईल होती घरात. चार बोटं जाड. ती आईने चुलीत घातली.

आईवर रागावून सांगत नाहीये. ती इथे दुसऱ्या रांगेत बसली आहे, आणि तिला विचारूनच सांगतेय. का घातली ते पुढे येईल. पण आजचं माझं सगळं बोलणं त्या फाईलबद्दलच आहे, म्हणून आधीच सांगून टाकलं.

मी आता तीस वर्षांची आहे. अकरा वर्षांची असताना मला हॉजकिन लिम्फोमा झाला. रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या एका प्रकाराचा कॅन्सर, गाठींमध्ये होतो. माझ्या मानेला उजव्या बाजूला गाठी आल्या होत्या. इकडे मानेला गाठ आली की पहिला शब्द येतो गंडमाळ. म्हणजे टीबी. चार महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या. त्यात कोणाची फार चूक आहे असं मी म्हणत नाही, कारण आपल्या भागात मानेची गाठ बहुतेक वेळा टीबीचीच निघते. पण गोळ्यांनी गाठ बसली नाही, उलट वाढली. मग गाठीचा तुकडा काढून तपासला आणि आम्ही मुंबईला गेलो, परळच्या टाटा मेमोरियलला.

मुंबईचे ते दिवस थोडक्यात सांगते, कारण तसली गोष्ट तुम्ही बऱ्याच ऐकल्या असतील. नंदुरबारहून सुरत, सुरतहून मुंबई. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, तिथे राहायचो. सहा वेळा किमो. त्यातलं एक औषध लालभडक, सरबतासारखं. ते गेलं की लघवीसुद्धा लाल व्हायची. वॉर्डातल्या आम्ही पोरी त्याला 'रसना' म्हणायचो. (हशा) मग मानेला आणि छातीला शेक. रेडिएशनला आपल्याकडे शेकच म्हणतात ना. शेक रोज त्याच जागी बसावा म्हणून छातीवर सुईने तीन बारीक ठिपके गोंदले. हिरवट. ते अजून आहेत. त्या ठिपक्यांनी पुढे माझं फार मोठं काम केलं.

२००७ मध्ये उपचार संपले. मी बरी झाले. हे वाक्य मी मुद्दाम सावकाश बोलते, मी बरी झाले. आज जे सांगणार आहे ते ऐकून कोणी असा अर्थ काढू नका की किमो घेऊ नये, शेक घेऊ नये. ते घेतलं नसतं तर मी इथे नसते. हॉजकिन हा चांगला बरा होणाऱ्या कॅन्सरपैकी आहे. घाबरून उपचार सोडणारं पोर वाचत नाही, हे मी वॉर्डात डोळ्यांनी पाहिलंय.

पुढे काही वर्षं तपासायला जायचो. दर वेळी रात्रभराचा प्रवास, दोन दिवसांची मजुरी बुडायची, आणि तिकडे गेल्यावर डॉक्टर म्हणायचे, सगळं चांगलं आहे. पाच वर्षं झाल्यावर वडील म्हणाले, आता काय बघायचं राहिलंय? आजी तर आधीपासून म्हणायची, "पोर बरी व्हयनी ना, मंग कागदं कसाले?"

आमच्या डोक्यात तपासणी म्हणजे एकच होतं, कॅन्सर परत आला का ते बघणं. परत आला नाही, म्हणजे संपलं. कॅन्सर बरा करणारी औषधंसुद्धा शरीरात स्वतःची खूण ठेवून जातात आणि ती खूण दहा, पंधरा, वीस वर्षांनी वर येऊ शकते, हे आमच्या घरात कोणाला कळलं नव्हतं. सांगितलं असेल तिकडे. पण रात्रभर जागून रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला सांगितलेलं किती कळतं? 'पोरगी वाचली' एवढंच ऐकू येतं, पुढचं येत नाही.

मग मी पंचवीस-सव्वीसची झाले. थकवा. नुसता थकवा. सकाळी उठवत नाही, वजन वाढतंय, केस गळतायत, जिना चढला की धाप. लग्नाचं बघत होते, त्यामुळे घरात काळजी वजनाची जास्त! दोन वर्षं एका डॉक्टरांकडे जात होते. ताकदीची सलाईन, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं, लोहाच्या गोळ्या. त्यांनी कधी विचारलं नाही की लहानपणी काही मोठा आजार झाला होता का. आणि खरं सांगायचं तर मीही सांगितलं नाही. घरातून सांगितलेलं होतं, गावात बोलायचं नाही.

२०२२ साली शहाद्याला एका तरुण डॉक्टर मॅडमकडे गेले. धाप म्हणाले म्हणून त्यांनी ईसीजी काढायला घेतला. छातीला ते चिकटवताना त्या थांबल्या. म्हणाल्या, "हे गोंदण कोणी केलं? एका रेषेत कसं?" मी म्हटलं, लहानपणचं आहे. आपल्याकडे गोंदण काय नवीन आहे, माझ्या आजीच्या हातभर होतं. पण मॅडम म्हणाल्या, "नाही. हे शेकाचं मार्किंग आहे. मी शिकताना पाहिलंय. तुला काय झालं होतं?"

मी रडले तिथे. अकरा-बारा वर्षांनी कोणीतरी विचारलं होतं.

त्यांनी थायरॉइडची तपासणी केली. टीएसएच साधारण चार-पाचच्या आत असावं लागतं. माझं अडतीस आलं. मानेला शेक बसला की थायरॉइड ग्रंथी हळूहळू दमते. कधी दोन वर्षांत, कधी पंधरा वर्षांत. त्यावर औषध काय, तर रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटी गोळी. स्वस्तातली. दोन वर्षं मी ज्या सलाईनवर पैसे घातले, त्यात कितीतरी वर्षांच्या गोळ्या आल्या असत्या. आणि तपासणी म्हणजे वर्षातून एकदा रक्त देणं, तेही शहाद्यातच होतं. यासाठी मुंबईची गरजच नव्हती. गरज होती ती हे माहीत असण्याची, की मानेला शेक बसलेल्या माणसाची टीएसएच दर वर्षी करायची असते.

मग मॅडमनी विचारलं, "औषधं कोणती होती? लाल औषध किती गेलं? शेक किती?" मी म्हटलं, आईला विचारते.

घरी येऊन विचारलं, तर आई गप्प. मग म्हणाली, फाईल नाही. मी एकवीसची असताना दोंडाईच्याहून पहिलं स्थळ बघायला येणार होतं. आईने आदल्या रात्री कपाट आवरलं. पाहुण्यांच्या हाताला लागलं तर? कोणी उघडून बघितलं तर? वरती मोठ्या अक्षरात हॉस्पिटलचं नाव. घातली चुलीत. तिला वाटलं, पोरीच्या आयुष्यातून ती गोष्टच काढून टाकते आहे.

ते स्थळ तसंही जमलं नाही. हुंड्यावरून फिसकटलं. (हशा)

आता गंमत बघा. आईला औषधाचं एक नाव आठवत नव्हतं, पण साल पक्कं आठवत होतं. "तापीला पूर आला, सुरत बुडाली, त्या साली तुला गाठ आली." ऑगस्ट २००६. वॉर्डाचा मजला आठवत होता, लाल औषध सहा महिने चालल्याचं आठवत होतं. आणि रेशनकार्डाच्या पिशवीत रेल्वे सवलतीच्या फॉर्मची एक झेरॉक्स निघाली. त्यावर हॉस्पिटलचा शिक्का आणि माझा केस नंबर. झेरॉक्स जुनी, पुसट. मोबाईलवर फोटो काढून उजेड वाढवला तेव्हा नंबर वाचता आला. तो नंबर घेऊन मी पुन्हा परळला गेले.

आता जरा थांबून शरीरात काय होतं ते सांगते. मी डॉक्टर नाही. पण गेल्या तीन वर्षांत मी हे इतकं विचारलंय आणि वाचलंय की मोजकं सांगू शकते.

ते लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन, अॅड्रियामायसिन असंही म्हणतात. ब्लड कॅन्सर, हॉजकिन, हाडाचा कॅन्सर, लहान मुलांच्या कितीतरी कॅन्सरमध्ये ते किंवा त्याचे भाऊबंद वापरतात. जोरदार औषध आहे. पण ते हृदयाच्या स्नायूला इजा करतं, आणि स्नायूच्या त्या पेशी पुन्हा फारशा तयार होत नाहीत. म्हणून त्याचा हिशेब आयुष्यभराच्या बेरजेत ठेवतात. शरीराच्या दर चौरस मीटरला एकूण किती मिलिग्रॅम गेलं. ही बेरीज २५० किंवा त्याच्या वर गेली तर धोका जास्त, आणि दर दोन वर्षांनी हृदयाची इको करावी असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. १०० ते २५० च्या मधे असेल तर पाच वर्षांनी. छातीला शेकही बसला असेल तर धोका आणखी वाढतो. माझी बेरीज ३००. वर शेक.

म्हणजे बघा, हा एक आकडा. तीनशे. तो ज्या कागदावर होता तो कागद जळला, आणि मी दहा वर्षं इको न करता फिरत होते. २०२२ ला इको केली तेव्हा हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा ५० आला. पंचावन्नच्या वर असला तर बरं. म्हणजे हृदय बंद पडत नव्हतं, पण कुरकुरायला लागलं होतं. धाप काही थायरॉइडची, काही ही. आता गोळ्या चालू आहेत. आणखी पाच वर्षांनी कळलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं का, हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

बाकीच्या औषधांचं असंच आहे, प्रत्येकाची खोड वेगळी. सिस्प्लॅटिन कानावर जातं, बारीक उंच आवाज आधी ऐकू येईनासे होतात. मूल वर्गात लक्ष देत नाही म्हणून मार खातं, आणि खरं कारण असतं त्याला बाई काय म्हणतात ते नीट ऐकूच येत नाही. आयफॉस्फामाइड किडनीवर. ब्लिओमायसिन फुप्फुसावर. ते मलाही दिलं होतं, म्हणून कुठलंही ऑपरेशन असलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना मला ते आधी सांगावं लागतं, आणि बिडी-सिगारेट माझ्यासाठी पूर्ण बंद. तशीही मी ओढत नव्हते. सायक्लोफॉस्फामाइडचा डोस जास्त गेला असेल तर मूल होण्यात अडचण येऊ शकते, मुलग्यांमध्ये विशेषतः. खूप स्टेरॉइड घेतलेल्या मुलांची हाडं, त्यातही खुबा, दुखायला लागतो.

आणि डोक्याला शेक. हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ते दिसत नाही. आपल्या देशात ऐंशीच्या दशकात लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरसाठी एमसीपी-८४१ नावाची उपचारपद्धती आली. टाटाचे डॉ. सुरेश अडवाणी त्यात पुढे होते. त्यामुळे हजारो पोरं वाचली, आधी त्यातली बहुतेक जात असत. त्या पद्धतीत मेंदूलाही शेक असायचा, कारण ब्लड कॅन्सरच्या पेशी तिथे लपून बसतात. आता बऱ्याच मुलांना त्याशिवायच बरं करतात. पण ज्यांना तो बसला, त्यातल्या काहींची उंची कमी राहते, आणि काहींना गणित, पाठांतर, पटकन उत्तर देणं जड जातं. बुद्धी नसते असं नाही, वेग कमी होतो. अशा मुलाला 'ढ' म्हणून शाळेतून काढतात. परीक्षेत जादा वेळ मिळाला तर तेच मूल पास होतं.

तुम्ही म्हणाल, हे आधी का माहीत नव्हतं? साधं कारण आहे. आधी मोठं होणारं कोणी नव्हतंच. १९४८ साली बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी औषधाने मुलांचा ब्लड कॅन्सर काही महिने मागे हटवून दाखवला. (ते औषध तयार करणाऱ्या चमूचे प्रमुख आपले आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. आपल्या शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव मला तरी भेटलं नाही.) तिथून ही पोरं जगायला लागायला आणखी वीस-पंचवीस वर्षं गेली. ती मोठी झाली, चाळिशीला आली, तेव्हा कुठे डॉक्टरांना दिसायला लागलं.

अमेरिकेत आणि कॅनडात या बऱ्या झालेल्या मुलांचा मोठा अभ्यास चालू आहे. त्यांनी २००६ साली दहा हजारांहून जास्त माणसांचा हिशेब मांडला, सगळी १९७० ते ८६ च्या दरम्यान आजारी पडलेली. निदानापासून तीस वर्षांत त्यातल्या ७३ टक्क्यांना काही ना काही दीर्घ आजार लागला होता, आणि ४२ टक्क्यांना गंभीर. आकडा ऐकून दचकू नका. ते जुने उपचार होते, शेक जास्त, औषध जास्त. त्याच अभ्यासात दहा वर्षांनी चांगली बातमीही आली. पाच वर्षं पार केलेल्या मुलांपैकी त्यापुढच्या पंधरा वर्षांत दगावणाऱ्यांचं प्रमाण, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आजारी पडलेल्यांत १२.४ टक्के होतं, ते नव्वदच्या दशकातल्यांत ६ टक्क्यांवर आलं. निम्मं. त्याचं मोठं कारण, डॉक्टरांनी आधीच्या मुलांकडून शिकून शेक आणि औषधं कमी केली. म्हणजे आमच्या आधीच्या पोरांनी आपले आजार लिहून ठेवले म्हणून आमच्या नंतरच्यांना कमी शेक मिळाला. कागदाचं महत्त्व बघा.

आपल्याकडे हे काम टाटामध्ये १९९१ सालीच सुरू झालं. डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकाराने 'एसीटी क्लिनिक' निघालं, उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी वेगळी ओपीडी. उपचार संपून दोन वर्षं ठीक गेली की मुलाला तिकडे पाठवतात. मी त्याच ओपीडीत २०२२ ला गेले. बाहेर बाकावर माझ्यासारखीच माणसं. एक जण बँकेत नोकरीला, एकीच्या कडेवर बाळ. आजारी कोणीच दिसत नव्हतं. पहिल्यांदाच त्या इमारतीत मला भीती वाटली नाही. इंडियन कॅन्सर सोसायटीचा 'उगम' म्हणून गट आहे, लहानपणी कॅन्सर होऊन बरे झालेल्यांनीच २००९ पासून चालवलेला. त्यांच्याशीही बोलणं झालं.

तिथे मला एक कागद मिळाला. अर्ध्या पानाचा. चार बोटं जाड फाईलचं सार त्यात मावलं. आजाराचं नाव आणि कुठवर पसरला होता, निदानाची तारीख, उपचार संपल्याची तारीख, प्रत्येक औषधाचं नाव, लाल औषधाची बेरीज, शेक कुठे आणि किती, रक्त चढवलं होतं का. आणि खाली, आता आयुष्यभर काय काय तपासायचं. मला तर वाटतं घोडेबाजारातल्या व्यापाऱ्याला दाखवला तर तोही मान हलवेल.

एक गोष्ट बोलायला अवघड आहे, पण इथे पोरी बसल्यात म्हणून बोलते. लहान वयात छातीला शेक बसलेल्या मुलींना स्तनाच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. म्हणून मॅमोग्राफी आणि एमआरआय दर वर्षी करायचं, पंचविसाव्या वर्षापासून किंवा शेक होऊन आठ वर्षं झाल्यावर, यातलं जे उशिरा येईल तेव्हापासून. बाकी बायकांना चाळिशीनंतर सांगतात, आम्हाला पंचविशीत. माझी पहिली तपासणी दोन वर्षं उशिरा झाली. स्वच्छ निघाली. एमआरआयसाठी मी सुरतला जाते, मुंबईपेक्षा जवळ पडतं. खर्च येतो, आणि तब्येत धडधाकट असताना तपासणीला पैसे घालायचे म्हणजे घरात दर वर्षी कुरबूर होते. होऊ दे.

लग्नाचं. हे तर सगळे विचारतात. २०२२ नंतर मी ठरवलं की स्थळ आलं की मी स्वतः सांगणार. आई म्हणाली, कोणी करणार नाही. एक स्थळ आलं, ऐकलं, आणि चहा अर्धा टाकून गेलं. दुसरे लोक थांबले. मुलाच्या आईने विचारलं, "मुलंबाळं होतील का, आणि त्यांना होईल का?" सरळ प्रश्न. मला आवडलं ते. मी माझ्या डॉक्टरांना विचारून मग उत्तर दिलं. माझ्या औषधांनी त्यात अडचण येण्याची शक्यता कमी. आणि मुलांना होण्याचं म्हणाल, तर आनुवंशिक प्रकार सोडले तर कॅन्सरमधून बऱ्या झालेल्यांच्या मुलांमध्ये व्यंगाचं किंवा कॅन्सरचं प्रमाण जास्त दिसत नाही. आनुवंशिक म्हणजे कोणते, तर डोळ्याचा एक कॅन्सर आहे, रेटिनोब्लास्टोमा, त्याचा एक प्रकार घरात चालत येतो. तिथे भावंडांचे आणि पुढच्या बाळाचे डोळे लगेच तपासायचे असतात. माझं तसं नव्हतं. २०२३ ला लग्न झालं. सासूबाई आता माझी टीएसएचची तारीख माझ्याआधी लक्षात ठेवतात.

बाळाचं अजून ठरत नाही. गरोदरपणात हृदयावर ओझं वाढतं, माझं हृदय पन्नासवर होतं ते आता थोडं सुधारलंय. हृदयाचे डॉक्टर आणि बाळंतपणाचे डॉक्टर, दोघांनी आधी एकत्र बसायला पाहिजे. त्या बैठकीला मी तो अर्धा कागद घेऊन जाणार आहे. कुठल्याही गावात, लहानपणी लाल औषध गेलेली मुलगी गरोदर राहिली आणि बाळंतपणाच्या डॉक्टरला ते माहीत नसलं, तर काय होईल याचा विचार करा. मी कित्येक रात्री केलाय.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, जगात दर वर्षी सुमारे चार लाख मुलांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत ऐंशी टक्क्यांहून जास्त बरी होतात, गरीब देशांत तिसापेक्षा कमी. २०३० पर्यंत साठ टक्के बरी करायची असं त्यांनी २०१८ साली ठरवलं. चांगलंच आहे. पण बरी झालेली ही पोरं मग जातील कुठे? सारंगखेड्याला, म्हसावदला, धडगावला. त्यांना बघणार कोण, तर इथलेच डॉक्टर. त्यांच्या हातात काहीतरी द्यायला नको?

आपल्या जिल्ह्याला हे शिकवायला लागू नये. सिकलसेलचं कार्ड आपल्याकडे कितीतरी घरांत आहे. आश्रमशाळेत जाताना, दवाखान्यात जाताना, ते दाखवायचं असतं हे पोरांनाही ठाऊक आहे. तसंच हे. फोनमध्ये कागदाचा फोटो ठेवा, एवढंच नको, फोन हरवतो. स्वतःलाच व्हॉट्सअॅप करा, भावाला करा, ईमेल करा, आभा खात्यात चढवा. बिलासारखा गुळगुळीत कागद असेल तर आजच फोटो काढा, ती शाई दोन वर्षांत उडते. आणि फोन लॉक असतानाही दिसते ती इमर्जन्सी माहिती असते ना, तिथे एक ओळ लिहा. माझ्या फोनवर आहे, 'छातीला शेक, अॅड्रियामायसिन ३००, ब्लिओमायसिन, थायरॉइड चालू.'

बोलणं लांबलं. काही विचारायचं असेल तर विचारा.

(एक काका : माझ्या पुतण्याला ब्लड कॅन्सर होता, आता दहावीला आहे, ठणठणीत आहे. त्याला हे सगळं सांगायचं का? त्याला कॅन्सर होता हेच त्याला माहीत नाही.)

काका, सांगा. अर्धवट त्याला माहीत असणारच. वॉर्डातली पोरं सगळं ऐकत असतात, मीही ऐकत होते, फक्त विचारत नव्हते. तो अठराचा होऊन बाहेरगावी शिकायला जाईल, तिथे आजारी पडेल, तेव्हा डॉक्टरला तोच सांगणार ना? तुम्ही तिथे नसाल. एकदम बसवून भाषण नका देऊ. आधी त्याच्या पुढच्या तपासणीला त्यालाच डॉक्टरशी बोलू द्या.

(एक तरुण : तुम्ही हे असं उघड बोलल्याचा गावात त्रास नाही का झाला?)

झाला. कोणीतरी माझ्या नणंदेच्या स्थळाच्या वेळी ते काढलंच. म्हणाले, त्या घरात कॅन्सरवाली सून आहे. सासूबाईंनी त्यांना माझा कागद दाखवू का विचारलं. (हशा) ते स्थळ गेलं. नणंद अजून माझ्याशी कधीकधी नीट बोलत नाही, आणि तिला मी काही म्हणू शकत नाही.

(एक ताई, मागून : आमच्या मुलाचं ज्या दवाखान्यात झालं तो आता बंद झालाय. फाईल आमच्याकडे नाही. मग आम्ही काय करायचं?)

ताई, पुढे या ना, बसा. कोणतं साल? ... आणि आजार कोणता म्हणाले होते? ... बरं. एवढं पण खूप आहे. आजाराचं नाव आणि साल कळलं तर मोठ्या हॉस्पिटलचे डॉक्टर बराच अंदाज बांधू शकतात, त्या काळात त्या आजाराला साधारण काय देत होते ते त्यांना ठाऊक असतं. सरकारी योजनेतून झालं होतं का? मग योजनेच्या नोंदीत काही मिळू शकतं, तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. घरात रेशनकार्डाची पिशवी बघा, देव्हाऱ्याखालचा डबा बघा, शाळेत रजेसाठी दिलेलं सर्टिफिकेट बघा. मुलाच्या अंगावर काही टाके, काही ठिपके आहेत का? ... मानेखाली? किती? ... तीन. रेषेत आहेत?

थांबा, माईक बंद करते. आपण बाजूला बसून बोलू.